‘मग गठ्ठेच काढून द्या’ : वाचनालयाच्या डिजिटल संग्रहाच्या प्रकल्प नोंदी, ठाणे

३ जून २०२४

नौपाड्यातल्या आमच्या वाचनालयाचा डिजिटल संग्रह आजपासून हातात घेतला. ऐरोलीचं ऑफिस सुटल्यावरचे दोन तास आणि शनिवार, एवढाच वेळ आहे. एका हार्ड डिस्कवर ६१२ पीडीएफ आणि ३४० फोटो. एका स्थानिक साप्ताहिकाचे १९३० पासून १९६० च्या दशकापर्यंतचे सुटे अंक, गणेशोत्सव मंडळांच्या आणि शाळांच्या स्मरणिका, वाचनालयाचे वार्षिक अहवाल, नाटकांची हँडबिलं. स्कॅनिंग काही वर्षांपूर्वी बाहेरून करून घेतलेलं. पानं सरळ आहेत, कडा कापल्या गेलेल्या नाहीत. पण फाइलींची नावं ‘स्कॅन ००१’, ‘स्कॅन ००१ नवीन’, ‘स्मरणिका फायनल २’. पानांत मजकूर नाही, फक्त चित्र आहे. वेबसाइटवर शोधायला चौकट आहे, ती फाइलीच्या नावातच शोधते.

हे लिहून घेत असताना चेंदणी कोळीवाड्यातले एक आजोबा कॉलेजात जाणाऱ्या नातीला घेऊन आले. ते शाळेत असताना त्यांच्या वडिलांच्या होडीची बातमी साप्ताहिकात आली होती, म्हणजे १९५० च्या दशकातली गोष्ट. नातीने संगणकावर ‘चेंदणी’ लिहिलं. काही सापडलं नाही. ‘होडी’ लिहिलं. तेही नाही. आजोबा ग्रंथपाल ताईंना म्हणाले, “मग गठ्ठेच काढून द्या ना मला, मी हाताने बघतो.”

ताईंना ते देता येईनात. जुने अंक उलगडले की घडीवर तुटतात, म्हणूनच तर स्कॅन केले आणि गठ्ठे कपाटात गेले. आजोबा थोडा वेळ खुर्चीत बसून राहिले आणि गेले. पूर्वी त्यांना एक दुपार गठ्ठ्यांपुढे बसता आलं असतं, शोधता शोधता चार भलत्याच गोष्टीही दिसल्या असत्या. डिजिटल करताना आपण ती दुपार त्यांच्याकडून काढून घेतली आणि बदल्यात रिकामी चौकट दिली. मला या कामातून निदान तेवढं तरी परत द्यायचं आहे. ताईंकडून आजोबांच्या नातीचा नंबर घेऊन ठेवला.

१० जून

पानांवरचं छापील अक्षर संगणकाला वाचायला लावणं, म्हणजे ओसीआर, हे पहिलं काम. त्यासाठी टेसरॅक्ट नावाचं सॉफ्टवेअर घेतलं. मोफत आहे आणि त्याला मराठीचा वेगळा डेटा आहे. हिंदीचा डेटा लावून पाहिला तर ‘ळ’ फार बिघडला, त्यामुळे मराठीचाच ठेवला.

१९७० नंतरच्या स्मरणिका चांगल्या वाचल्या गेल्या. साप्ताहिकाने घाम काढला. पहिली अडचण रकान्यांची. तीन रकान्यांची ओळ संगणक सलग वाचतो, त्यामुळे खाडीतल्या पुराची बातमी अर्ध्यावर थांबते आणि तिथून केशतेलाची जाहिरात सुरू होते. आता आधी रकाने कापून घ्यायचे आणि मग वाचायला द्यायचे. दुसरी अडचण शाईची. एकाच वर्षाच्या अंकांत ‘चेंदणी’ हा शब्द मला ‘चेदणी’, ‘चॅदणी’ आणि ‘वेंदणी’ असा मिळाला. छपाईचा खिळा झिजला की ‘च’ आणि ‘व’ यांत संगणकाला फरक दिसत नाही. मलाही एका ठिकाणी भिंगातून पाहावं लागलं.

सगळी पानं माणसाकडून तपासून घेणं आम्हाला शक्य नाही. त्यामुळे चुका राहणार हे धरूनच शोध बांधायचा.

१८ जून

आज दिवसभर अनुस्वार.

१९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम राज्य शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी चार आले. त्याआधीच्या छपाईत ‘गांव’, ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’, ‘ठाणें’, ‘तें’. आमचा निम्म्याहून जास्त संग्रह १९६२ पूर्वीचा आहे आणि शोधणारी बहुतेक माणसं त्यानंतर शाळा शिकलेली. आजची मुलगी ‘गाव’ लिहिते, पानावर ‘गांव’ आहे. संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. ‘कवि’ आणि ‘कवी’, ‘मिठागर’ आणि ‘मीठागर’ यांचंही तेच.

वाचकाला जुनं शुद्धलेखन शिकायला लावणं हा उपाय नव्हे. त्याच्या हातून जसा शब्द येईल तसा बरोबर मानायचा आणि जुळवून घ्यायचं काम यंत्राने करायचं. म्हणून प्रत्येक शब्दाच्या दोन नोंदी ठेवते आहे : एक जशीच्या तशी, दुसरी अनुस्वार काढून आणि सगळे इकार-उकार ऱ्हस्व करून. वाचकाच्या शब्दाचंही तसंच करायचं आणि मग जुळवायचं. जशीच्या तशी जुळलेली पानं वर, सैल जुळलेली खाली. हा क्रम महत्त्वाचा आहे. नाहीतर ‘दिन’ शोधणाऱ्यापुढे ‘दीन’ येईल आणि ‘वंदन’ शोधणाऱ्यापुढे ‘वदन’.

काही अंकांत सावरकरांनी पुरस्कारलेली स्वरखडी आहे, म्हणजे इतर स्वरही ‘अ’लाच चिन्हं लावून लिहायची पद्धत : ‘अितिहास’, ‘अुत्सव’, ‘अेक’. ओसीआर यावर पार गोंधळतं, कारण त्याने असा ‘अ’ पाहिलेलाच नाही. असे १९ अंक वेगळे काढले. त्यांच्यासाठी ‘अि’चा ‘इ’, ‘अु’चा ‘उ’ करणारा छोटा नियम लिहिला.

२५ जून

डोळ्याला एक दिसतं आणि आत दुसरंच असतं, असे शब्द आज जमवले.

‘बँक’. काही जण ‘ब’वर चंद्रबिंदू देतात, काही जण आधी चंद्र आणि मग अनुस्वार. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आत चिन्हं वेगळी. ‘ॲडव्होकेट’चा ‘ॲ’ हे युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, स्वतंत्र अक्षर आहे, ते २००८ मध्ये आलं. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देत, आजही कित्येक कीबोर्ड तसंच देतात, आणि काही जण हिंदी पद्धतीचा ‘ऍ’ वापरतात. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण या तिघांना एक करत नाही. ते हाताने सांगावं लागलं.

मग ‘ऱ्य’. हे जोडाक्षर ‘ऱ’ वापरून लिहिता येतं आणि ‘र’ला न दिसणारं जोडचिन्ह लावूनही. दोन्ही एकत्र आणले. पण साध्या ‘र्य’मध्ये ते मिसळू दिले नाहीत. ‘आचार्यांना मानपत्र’ आणि ‘आचाऱ्यांना मानपत्र’ यांत माणसं बदलतात, आणि आमच्या स्मरणिकांत खरोखर दोघांचेही आभार मानलेले आहेत. सैल जुळणी कुठवर सैल ठेवायची याची एक हद्द मला इथे सापडली.

आकडेही : ‘१९५३’ लिहा किंवा इंग्रजी आकड्यांत लिहा, दोन्ही एकच.

९ जुलै

कालच्या पावसात गाड्या रखडल्या, कळव्याहून नौपाड्याला पोचणं झालं नाही. घरूनच काम.

मराठीत शब्द एकटा राहत नाही. ‘ठाणे’ पानावर क्वचितच ‘ठाणे’ असतं. ते ‘ठाण्यात’, ‘ठाण्याच्या’, ‘ठाण्याहून’, ‘ठाणेकरांनी’ असतं. ‘रस्ता’चा ‘रस्त्यावर’ होतो, ‘शाळा’ची ‘शाळेत’, ‘मीठ’चं ‘मिठाचे’, ‘कोळी’चं ‘कोळ्यांचा’. प्रत्यय नुसता तोडून चालत नाही, कारण आधी सामान्यरूप होऊन शब्दाचं अंगच बदललेलं असतं. ‘ठाण्यात’मधून ‘त’ काढला की ‘ठाण्या’ उरतं, ‘ठाणे’ नाही.

शिवाय आंधळेपणाने तोडायला लागलं तर ‘पर्वत’चा ‘पर्व’ होतो आणि ‘गीत’चं ‘गी’. म्हणून नियम असा केला : प्रत्यय काढायचा, उरलेल्या अंगाचं मूळ रूप काढून पाहायचं आणि ते रूप शब्दयादीत असेल तरच स्वीकारायचं. ‘पर्वत’ स्वतःच यादीत आहे, म्हणून त्याला हात लावायचा नाही. शब्दयादी आमच्याच पानांतून काढली आणि मराठीच्या निवृत्त शिक्षिका असलेल्या एका बाईंनी दोन दुपारी बसून तपासून दिली. त्यांनी ‘खाडीपल्याड’, ‘गावकुसाबाहेर’ असे कितीतरी जोडशब्द स्वतःहून वेगळे काढून दिले. हे कुठल्याच तयार यादीत मला मिळालं नसतं.

१६ जुलै

हार्ड डिस्कची दुसरी आणि तिसरी प्रत केली, एक प्रत ताईंच्या कपाटात आणि एक वाचनालयाबाहेर. प्रत्येक फाइलीचा चेकसम, म्हणजे फाइल बिघडली किंवा बदलली तर ओळखता यावी म्हणूनचा आकडा, काढून ठेवला. दमट हवा आहे, गठ्ठ्यांच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या बदलल्या.

२२ जुलै

माणसाच्या तोंडी एक शब्द आणि कागदावर दुसरा, याची यादी.

तलावपाळीला संध्याकाळी चक्कर मारणारा प्रत्येक ठाणेकर ‘तलावपाळी’ म्हणतो. अहवालांत ‘मासुंदा तलाव’. शोधात दोन्ही एक केले. ठाण्याची नगरपालिका १८६३ ची, महानगरपालिका झाली १ ऑक्टोबर १९८२ ला. आज कुणी ‘महापालिका’ शोधलं तर जुनं साप्ताहिक ‘म्युनिसिपालिटी’ म्हणतं आणि मधल्या स्मरणिका ‘नगरपालिका’. ‘आगगाडी’ आणि ‘रेल्वे’. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली, त्या घटनेच्या स्मरणाचे लेख आमच्याकडे चार आहेत आणि चारही ‘आगगाडी’च म्हणतात. ‘इस्पितळ’, ‘दवाखाना’, ‘रुग्णालय’, ‘हॉस्पिटल’. ‘पाठशाळा’, ‘शाळा’, ‘विद्यालय’.

गावाचं स्वतःचं नावही असंच. शिलाहारांच्या ताम्रपटांत ‘श्रीस्थानक’, जुन्या मजकुरात ‘ठाणें’ आणि ‘ठाणा’, इंग्रजी कागदांत त्याचीच दोन-तीन वेगळी रूपं. सगळी एका नोंदीखाली आणली.

इथे एक प्रश्न आला. यादीत कुठला शब्द ‘मुख्य’ मानायचा? ताईंचं म्हणणं, सरकारी नाव मुख्य असावं, बाकी पर्यायी. मी कुठलाच मुख्य ठेवलेला नाही. पानावर जो आहे तो तसाच दिसेल आणि वाचक ज्या शब्दाने येईल त्या शब्दाने त्याला पान मिळेल. तलावपाळी म्हणणाऱ्या माणसाला ‘तुम्हाला मासुंदा तलाव म्हणायचं आहे का’ असं विचारलेलं मला आवडत नाही. त्याला जे म्हणायचं आहे ते त्याने म्हटलेलं आहे.

फोनवर बरेच जण मराठी रोमन अक्षरांत लिहितात. त्यांच्यासाठी प्रत्येक शब्दाचं रोमन रूपही साठवलं. तिथे ‘ठ’ आणि ‘थ’, ‘ण’ आणि ‘न’ यांत भेद राहत नाही, म्हणून ती जुळणी मुद्दाम ढिली ठेवली आहे.

५ ऑगस्ट

१९९५ ते २००८ च्या स्मरणिकांच्या मूळ डीटीपी फाइली एका जुन्या छापखान्याने आनंदाने दिल्या. त्या उघडल्या तर सुरेख मराठी दिसतं. कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं की रोमन अक्षरं आणि चिन्हांची रांग. त्या काळचे फाँट असेच होते : आत इंग्रजी अक्षराचा क्रमांक आणि त्यावर मराठी अक्षराचं चित्र. म्हणून या फाइलींत कुठलाच शोध चालत नाही.

रूपांतराचा तक्ता लिहायला चार संध्याकाळी गेल्या. अक्षराला अक्षर लावणं सोपं होतं. अवघड गेले ते ऱ्हस्व इकार आणि रफार. जुन्या फाँटमध्ये इकार डोळ्याला दिसतो तसा व्यंजनाच्या आधी साठवलेला असतो, युनिकोडमध्ये तो व्यंजनानंतर येतो. रफाराचं उलट : तिथे तो अक्षराच्या नंतर, युनिकोडमध्ये आधी. ‘किर्तन’ की ‘कीर्तन’ हा छापणाऱ्याचा प्रश्न, पण इकार आणि रफार योग्य जागी बसले नाहीत तर तो शब्दच राहत नाही. जोडाक्षर मध्ये आलं की इकार पूर्ण जोडाक्षर ओलांडून न्यावा लागतो. ‘स्थिती’वर अडले होते, रात्री जमलं.

यातून ४१ स्मरणिकांचा मजकूर एकाही ओसीआर चुकीशिवाय मिळाला.

१२ ऑगस्ट

चुकीच्या वाचनाचा इलाज. शब्दाचे तीन-तीन चिन्हांचे तुकडे करून जुळवायचे. आपण ‘चे’ एक अक्षर म्हणतो, संगणक ‘च’ आणि मात्रा वेगळी मोजतो. अनुस्वार काढल्यावर ‘चेदणी’ची चिन्हं पाच, तुकडे तीन. ‘वेंदणी’ असं चुकलेलं असलं तरी तीनपैकी दोन तुकडे जुळतात. अशी पानं ‘जवळचे शब्द’ म्हणून यादीच्या तळाशी दाखवतो आणि पानावरचा तो भाग चित्र म्हणून शेजारी ठेवतो. वाचकाच्या डोळ्याला एका नजरेत कळतं की ही चेंदणी आहे की दुसरंच काही.

‘चेंदणी’ला आज २७ पानं आली. ३ जूनला शून्य होती.

१७ ऑगस्ट

आज कळव्याचे एक दृष्टिहीन वाचक आले, बँकेत नोकरी करतात. ते संगणकावर एनव्हीडीए वापरतात, पडद्यावरचा मजकूर तो त्यांना बोलून दाखवतो. मी शेजारी बसून दुसऱ्या हेडफोनवर ऐकत होते.

पहिल्या पानावर त्यांना ऐकू आलं : ग्राफिक, ग्राफिक, ग्राफिक, लिंक, ग्राफिक. शोधाच्या चौकटीला नाव नव्हतं, तिथे फक्त ‘एडिट, ब्लँक’. त्यांनी अंदाजाने ‘वाचनालय’ लिहून एंटर दाबलं. पुढे शांतता. पडद्यावर ५८ निकाल आले होते, पण आलेत हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. एक निकाल उघडला तर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात, तोही मधले शब्द गाळत. पान मराठीत आहे हे आम्ही पानाच्या कोडमध्ये लिहिलेलंच नव्हतं. एक लहानसा शब्द, ‘मराठी’साठीचा दोन अक्षरी संकेत, तो टाकताच आवाज मराठी झाला. त्यांनी तोच परिच्छेद पुन्हा ऐकला. वाचनालयाचा जुना वार्षिक अहवाल होता, वर्गणीदारांची संख्या, नवीन पुस्तकं, दुरुस्त केलेले पंखे. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला, मी मध्ये बोलले नाही.

फोटोंकडे वळलो. स्वयंसेवकांनी लिहिलेल्या ओळी त्यांना ऐकवल्या. एका फोटोला ‘तलावाचे विहंगम दृश्य’ असं होतं. ते म्हणाले, “विहंगम म्हणजे मला काहीच कळलं नाही. माणसं किती आहेत, कुठे उभी आहेत, मागे काय दिसतं, तेवढं सांगा. सुंदर आहे की नाही ते माझं मी ठरवतो.”

संध्याकाळी तीच ओळ नव्याने लिहिली : ‘मासुंदा तलावाचा काठ. दगडी पायऱ्यांवर पाच मुलगे, चौघे उभे, एक पाण्यात पाय सोडून बसलेला. मागे झाडांची रांग, उजवीकडे टांग्याचं एक चाक.’ हे लिहीपर्यंत मला टांग्याचं चाक दिसलेलंच नव्हतं. आणि आता ‘टांगा’ शोधला की हा फोटो येतो.

केलेले बदल : चौकटीला नाव, निकालांची संख्या बोलून सांगणारी सूचना, प्रत्येक पानाच्या चित्राखाली त्याचा मजकूर, माउसशिवाय सगळीकडे जाता येणं. करड्या रंगाची फिकट अक्षरं गडद केली. ती आमच्या ज्येष्ठ वाचकांनाही दिसत नव्हती, कोणी बोललं नव्हतं एवढंच.

३१ ऑगस्ट

ज्याला काय शोधायचं ते माहीत आहे त्याच्यासाठी शोध. पण कित्येकांना नेमका शब्द माहीत नसतो, त्यांना चाळायचं असतं. गठ्ठा चाळतात तसं.

जुन्या वेबसाइटवर संग्रह ‘देणगी क्रमांक १’, ‘देणगी क्रमांक २’ असा मांडला होता. तो हिशेबाला ठीक. वाचकासाठी आता तीन दारं केली आहेत : जागा, दशक आणि ‘काय आहे’. जागेत नौपाडा, चेंदणी, उथळसर, कळवा, घोडबंदर, वागळे इस्टेट असे भाग. दशकासाठी शकाची अडचण आली, कारण काही कागदांवर फक्त शके आहे. ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, फक्त पौष ते फाल्गुन या महिन्यांतल्या कागदांसाठी ७९ लागण्याची शक्यता धरून हाताने पाहिलं. तारीख नक्की नसेल तिथे ‘अंदाजे १९५० ते १९६०’ असं स्पष्ट लिहिलं आहे आणि असा कागद दशकाच्या दारातून तरीही सापडतो. तारीख नाही म्हणून कुठलाही कागद बाहेर राहत नाही.

वर्णनासाठी डब्लिन कोअर या संग्रहातल्या वस्तूंच्या नोंदी करायच्या प्रमाण पद्धतीचे १५ घटक समोर ठेवले होते. स्वयंसेवकांच्या फॉर्मवर त्यातले आठच घेतले, कारण १५ रकान्यांचा फॉर्म पाहून दुसऱ्या दिवशी माणसं कमी आली होती. प्रश्नही साध्या भाषेत : काय आहे, कुठलं आहे, कधीचं आहे, कोणी केलं, कोणाकडून आलं, काय दिसतं.

पानाच्या लहान चित्राचं वजनही खाली आणलं. मुंब्र्याच्या बोगद्याअलीकडे-पलीकडे लोकलमध्ये नेट जेवढं मिळतं तेवढ्यात चाळता आलं पाहिजे, या मापाने तपासलं.

७ सप्टेंबर

गणेश चतुर्थी. काम नाही.

२० सप्टेंबर

दहा दिवस वाचनालयात चाचणीसाठी खुलं ठेवलं होतं. ज्या शोधांना एकही निकाल आला नाही ते शब्द साठवले. फक्त शब्द, कोणी शोधले ते नाही. ही यादी मला या सगळ्या कामात सर्वांत उपयोगी वाटली. ‘टॉकीज’ (आमच्याकडे ‘चित्रपटगृह’ आणि ‘सिनेमागृह’), ‘बालवाडी’ (आमच्याकडे ‘शिशुवर्ग’), ‘मेळा’ (आमच्याकडे पानावर आहे, पण ओसीआरने ‘मेला’ वाचलंय, तेही सात ठिकाणी). एकाने ‘आईचं नाव स्मरणिकेत’ एवढंच लिहिलं होतं. यावर यंत्राकडे उत्तर नाही. निकाल नसलेल्या पानावर आता ताईंच्या भेटीची वेळ आणि तिन्ही दारं दाखवतो.

३ ऑक्टोबर

प्रताधिकाराची बैठक. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, निनावी लेखनाला प्रकाशनापासून ६० वर्षं. म्हणजे १९६३ पर्यंतच्या निनावी बातम्या सगळ्यांना पूर्ण दाखवता येतात. त्यानंतरच्या साहित्यात शोध सगळीकडे चालेल, पान मात्र परवानगी मिळेपर्यंत वाचनालयात येऊनच पाहायचं. मंडळांना पत्रं लिहायला घेतली.

संध्याकाळी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याची बातमी आली. ताईंनी पेढे मागवले.

१५ ऑक्टोबर

वाचन प्रेरणा दिनी संग्रह सगळ्यांसाठी खुला केला. सभागृह भरलं होतं. भाषणं थोडक्यात आटोपून दोन संगणक आणि चार टॅब लोकांपुढे ठेवले. एका आजींनी फोनवर बोलून ‘माझी शाळा’ शोधलं आणि १९५८ च्या अहवालात बक्षीस मिळालेल्या मुलींच्या यादीपाशी थांबल्या. कळव्याचे बँकेतले सर आले होते, त्यांनी शेजारच्या मुलांना टांग्याच्या चाकाचा फोटो शोधून दिला.

चेंदणीचे आजोबा आले नाहीत. नातीला पुन्हा मेसेज केला.

१९ ऑक्टोबर

आजोबा आज आले. नातीने आधी ‘होडी’ लिहिलं. १२ निकाल, पण त्यांचा नाही. मग ती जागेच्या दारातून गेली : चेंदणी, १९५० चं दशक. पडद्यावर पानांची आणि फोटोंची लहान लहान चित्रं आली. आजोबांनी खुर्ची पुढे ओढली आणि गठ्ठा चाळावा तशी एकेक पाहायला सुरुवात केली. मध्येच थांबून एक जाहिरात वाचली, एका लग्नाच्या फोटोतला माणूस ओळखला. चौदाव्या चित्रावर त्यांनी बोट ठेवलं. आमच्या स्वयंसेवकाने लिहिलं होतं : ‘खाडीत जहाज, काठावर लोकांचा घोळका.’

“बाय, ह्ये जहाज नाय,” आजोबा मला म्हणाले. “ह्यो पडाव हाय. मीठ न्यायचा. शीड बघ की.”

मी ‘पडाव’ शोधलं. साप्ताहिकातली चार ओळींची बातमी आली. नारळी पौर्णिमेला चेंदणीच्या बंदरात नवा पडाव पाण्यात सोडला, नारळ वाढवला, मालकाचं नाव. ही बातमी जूनपासून आमच्याकडे होती. आम्ही सगळे ‘होडी’ म्हणत राहिलो, कारण त्या दिवशी आम्हाला कळावं म्हणून आजोबा ‘होडी’ म्हणाले होते. घरात ते कधीच तिला होडी म्हणत नसत.

त्यांनी नाव दोनदा वाचलं आणि बोटाने एक अक्षर दाखवलं. “हितं द पायजे.” पानाचं चित्र मोठं केलं. छापलेला ‘द’च होता, ओसीआरने ‘ह’ वाचला होता.

दुरुस्तीच्या वहीत पहिली नोंद नातीने स्वतःच्या हाताने केली. त्याखाली मी ‘पडाव, मचवा, गलबत, होडी, फतेमारी’ असे शब्द लिहिले. आजोबांनी यांतला कुठला कशासाठी ते सांगितलं, म्हणून ते एक न करता शेजारी ठेवले आहेत : ‘होडी’ शोधली तर पडाव खाली दिसेल, पण पडाव शोधणाऱ्याला आधी पडावच मिळेल. रात्री शोधाची सगळी सूची संगणकाला पुन्हा बांधायला लावून निघाले.

नाव नसलेल्या ६८ फोटोंचं पाकीट ताईंनी वेगळं काढून ठेवलं आहे. आजोबा गुरुवारी चार वाजता येणार, बरोबर कोळीवाड्यातले आणखी दोघे.